आर्डिस वोंद्राचा गुरुवार

गुरुवारी आर्डिस वोंद्राचा दिवस लांबायचा. शाळेच्या स्वयंपाकघरात दीडशे मुलांचं जेवण, मग घासपूस, मग पुढच्या आठवड्याची यादी, आणि संध्याकाळी अग्निशमन दलाची बैठक. म्हणून गुरुवारचं घरचं जेवण ती सकाळीच स्लो कुकरमध्ये लावून टाकायची. गुरुवारी बीफ स्ट्यू, हे वोंद्रांच्या घरात इतकं ठरलेलं होतं की तिचा नवरा मिलो वार विसरला तर नाकानं ओळखायचा.

त्या फेब्रुवारीतल्या गुरुवारीही तिनं साडेपाचला सगळं आत घातलं, झाकण ठेवलं, बटण मंद आचेवर फिरवलं आणि गोठ्याकडे निघालेल्या मिलोला बजावलं, "झाकण उघडून बघत बसू नकोस. दर वेळी अर्धा तास मागे जातं ते."

"मी कधी उघडतो?"

"मग मागच्या गुरुवारी वरचे मांसाचे तुकडे मांजरानं खाल्ले वाटतं."

मिलोनं टोपी कानांवर ओढली आणि बाहेर पडला.

आर्डिस एकोणसाठ वर्षांची होती आणि उंचीला पाच फुटांनाही एक इंच कमी. शाळेतल्या मोठ्या पातेल्याचा तळ बघायला तिला स्टूल लागायचं. नेब्रास्कातल्या त्या लिबुशा नावाच्या लहानशा गावात पगारी अग्निशमन दल नव्हतंच; गावातलेच पंधरा-वीस जण पेजर कमरेला लावून आपापली कामं करायचे आणि तो वाजला की हातातलं टाकून पळायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी आर्डिसनं नाव घातलं तेव्हा बाकीचे हसले होते. दलाचा प्रमुख गेलन पोकोर्नी म्हणाला होता, "तुझ्यापेक्षा आमचा पाण्याचा पाइप जड आहे." पण पुढे धान्याच्या घराएवढ्या उंच, पत्र्याच्या कणगीत अडकलेल्या माणसाला कसं काढायचं याचं प्रशिक्षण आलं, आणि शिकवणाऱ्यानं कणगीच्या छपरातलं दार दाखवून विचारलं, यातून अंगावरच्या सामानासकट कोण जाऊ शकतो? सगळ्यांनी एकमेकांच्या पोटांकडे बघितलं आणि मग आर्डिसकडे. तेव्हापासून ते काम तिचं झालं. तीनदा शिकली, तिन्ही वेळा मक्यात दलातलाच कोणीतरी हसत उभा होता. खरा माणूस अजून आला नव्हता.

त्या दिवशी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी पेजर वाजला. ती पावांची ताटं भट्टीतून काढत होती. आवाज आला: धान्याच्या कणगीत माणूस अडकलाय, छातीपर्यंत, शुद्धीवर आहे. मग नाव आलं, वोंद्रा. तिच्या हातातलं ताट तिथंच टेकलं. पुढचा पत्ता ऐकू येईपर्यंतच्या दोन-तीन सेकंदांत तिच्या डोळ्यांपुढे मिलो आला, गोठा आला, त्याची टोपी आली. पत्ता मात्र त्यांच्या घराचा नव्हता. दोन मैलांवरच्या जुन्या वोंद्रा शेताचा होता. म्हणजे एल्डन. मिलोचा थोरला भाऊ.

मिलो आणि एल्डन नऊ वर्षं बोलत नव्हते.

त्यांची आई लुडमिला शेवटची दोन वर्षं आर्डिसच्या घरी होती. अर्धं अंग गेलेलं. तिला उठवणं, बसवणं, न्हाऊ घालणं, रात्री कुशीवर वळवणं हे सगळं आर्डिसच करायची, शाळा सांभाळून. लुडमिला थोराड हाडाची, आर्डिसच्या दीडपट. मिलोचं एकच म्हणणं होतं, आई माझ्या घरातून कुठे जाणार नाही. मग एक दिवस मिलो गुरांच्या बाजाराला गेलेला आणि आर्डिस शाळेत असताना एल्डन आला, आईला गाडीत बसवलं आणि तालुक्याच्या गावच्या वृद्धाश्रमात नेऊन ठेवलं. मिलो घरी आला तर पलंग रिकामा. सहा आठवड्यांनी न्यूमोनियानं ती गेली. मयतानंतरच्या जेवणाला, चर्चच्या तळघरात, सगळ्या गावादेखत मिलोनं भावाला सांगितलं, "आता पुन्हा माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही." एल्डननं ताट ठेवलं, टोपी घातली आणि गेला. तोवर तो दर गुरुवारी त्यांच्याकडे जेवायला यायचा. लग्न केलेलं नव्हतं त्यानं. ते तेव्हापासून बंद झालं.

आर्डिस शेतावर पोचली तेव्हा मका न्यायला आलेला ट्रकवाला कणगीपाशी पांढराफटक होऊन उभा होता. तो सारखा तेच सांगत होता: मी आलो तर मका खालून बाहेर ओढायचं यंत्र चालू, माणूस नाही, म्हणून शिडीवर चढलो, वरून बघतो तर डोकं आणि हात, म्हणून खाली येऊन बटण बंद केलं. त्यानं बटण बंद केलं नसतं तर एव्हाना डोकंही दिसलं नसतं. मागच्या हंगामात मका ओलाच भरावा लागला होता. ओल्या मक्याची वर पापडी धरते आणि खालून धान्य निघत नाही. ती फोडायला एल्डन काठी घेऊन आत उतरला होता. एकटा, दोरी न बांधता.

गेलननं आर्डिसला बघितलं आणि मान हलवली. "तू नाही. घरचं माणूस आत जात नाही. नियम आहे."

"मग कोण जाणार?"

"शेजारच्या दलाला बोलावलंय."

"त्यांना यायला किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

कर्क स्टावा, गावातला नळदुरुस्तीवाला, शिडीवरून खाली उतरत होता. दाराएवढा माणूस. "कोट काढून बघितलं," तो म्हणाला. "छातीशी अडकतो. आणि गेलन, त्याचा आवाज बारीक होत चाललाय."

गेलननं तोंडावरून हात फिरवला. आर्डिस तोवर पट्टा कमरेला आवळत होती.

"मी त्याची भावजय आहे हे नंतर लिहून ठेव," ती म्हणाली. "आत्ता दोरी धर."

आत अंधार होता, आणि थंडी. बाहेरच्यापेक्षा आतली थंडी वेगळी. महिनाभर गारठलेला मका बर्फासारखा चहूबाजूंनी अंगातली ऊब ओढून घेत होता. छपरातल्या दारातून एक चौकोनी उजेड पडत होता, त्यात धूळ तरंगत होती. एका बाजूला पापडी धरलेल्या मक्याची भिंत डोक्याच्याही वर उभी होती, आणि तिच्या पायथ्याशी एल्डन. छातीपर्यंत मक्यात. दोन्ही हात बाहेर, तळवे दाण्यांवर पसरलेले, जणू टेबलाशी बसलाय. चेहरा राखाडी.

आर्डिस प्लायवूडच्या फळीवर पोटावर सरपटत त्याच्यापाशी पोचली.

"एल्डन."

त्यानं डोळे उघडले. "चिमणी," तो म्हणाला. ती नवी नवरी होती तेव्हापासून तो तिला तशीच हाक मारायचा. "तुलाच पाठवलं का त्यांनी."

"बाकीच्यांची पोटं सुटलीयत. हलू नकोस. अजिबात."

"हलता येत असतं... तर तुझी वाट बघितली असती का?"

शब्द तुटत होते. मका पाण्यासारखा ओढतो आणि सिमेंटसारखा धरतो. माणसानं श्वास सोडला की छातीभोवती जेवढी जागा होते तेवढ्यात दाणे शिरतात, आणि पुढचा श्वास तेवढाच आखूड. दोरी लावून ओढलं तर पाठीचा कणा सुटेल पण मका सोडणार नाही. म्हणून माणसाभोवती अॅल्युमिनियमच्या उभ्या फळ्या एकमेकींत अडकवत दाबायच्या, विहिरीला कडं बांधतात तसं, आणि मग आतला मका उपसायचा. तिनं त्याच्या काखेतून पट्टा घातला, पुढे गाठ मारली. वरून कर्कनं पहिली फळी सोडली.

फळी दाबताना तिला कळलं की प्रशिक्षणात एक गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती. तिथं फळीवर तिच्याबरोबर कर्क उभा असायचा. आता ती एकटी फळीच्या पायरीवर दोन्ही पाय देऊन उभी राहिली, उड्या मारल्या, आणि फळी चार बोटं खाली गेली. तिच्या अंगात वजनच नव्हतं. ज्या बारीकपणामुळे ती आत आली त्याच बारीकपणामुळे फळी जात नव्हती.

"कर्क, मका उपसायचं ड्रिलचं मळसूत्र दे खाली," तिनं वर ओरडून सांगितलं. "आणि ते शेजारचं दल कुठपर्यंत आलंय विचार."

उत्तर आलं, रस्त्यावर बर्फ आहे, अजून तासभर तरी.

मग तिनं एक रीत काढली. फळीच्या बुडाशी मळसूत्र घालून मका सैल करायचा, लगेच पायरीवर उभं राहायचं, आणि एल्डननं दोन्ही हातांनी वरची कड खाली दाबायची. चार बोटं, आणखी चार बोटं. पहिली फळी बसायला दहा मिनिटं लागली. अजून पाच होत्या. एल्डनचे हात थरथरायला लागले होते, आणि मध्येच त्याचे डोळे मिटायला लागले.

"एल्डन, बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"काहीही. आज वार कोणता?"

"गुरुवार. तुझा स्ट्यू असेल."

"आहे."

"सांग."

"काय सांगू?"

"कसा केलास. सगळं. पहिल्यापासून."

तिनं दुसरी फळी अडकवली आणि मळसूत्र खाली घातलं. "खांद्याकडचं मांस घेतलं. घरच्याच गोऱ्ह्याचं, तो पांढऱ्या कपाळाचा होता ना."

"मला काय माहीत. नऊ वर्षं झाली."

"हां. तर तो. काल फ्रीजरमधून काढून ठेवलं होतं. मोठे तुकडे केले. बारीक केले तर आठ तासांत चोथा होतो. दाब."

त्यानं दाबलं. "पुसलं का?"

"काय?"

"मांस. फडक्यानं. आई पुसायची."

"पुसलं. ओलं राहिलं तर तांबूस होत नाही, नुसतं उकडतं, माहितीये मला. मैद्यात घोळवलं, मीठ-मिरी. बिडाच्या तव्यावर थोडं थोडं परतलं. तीन घाण्यांत."

"एकदम सगळं... टाकत नाहीस ना?"

"मी चौतीस वर्षं स्वयंपाक करते, एल्डन."

"शाळेतल्या पोरांसाठी." त्याच्या ओठांचा एक कोपरा हलला. "त्यांना काय कळतं."

दुसरी बसली. तिसरी तिनं त्याच्या पाठीमागून सरकवली. तिथं त्याचे हात पोचत नव्हते, तेव्हा तिनं गुडघ्यांनी, पोटानं, खांद्यानं दाबली. हातमोज्यांच्या आत बोटं कळेनाशी झाली होती. बोलणं मात्र तिनं सोडलं नाही. तळाला बटाटे आणि गाजरं, कारण ती मांसापेक्षा उशिरा शिजतात आणि खाली आच जास्त. त्यावर मांस. तव्यातच कांदा-लसूण परतला, चमचाभर टोमॅटोचा लगदा, मग पाणी ओतून बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून घेतलं आणि वरून ओतलं. तमालपत्र. मरवा.

"शहाजिरे?"

"घातलं."

"किती?"

"एक चमचा."

"आई दोन घालायची."

"आईच्या हाताला दोन शोभायचे. माझ्या हाताला कडू होतं."

बाहेर करवतींचा आवाज सुरू झाला. आजूबाजूचे शेतकरी जमले होते. कणगीच्या पत्र्याला समोरासमोर भोकं पाडून बाजूचा मका खाली सोडायचा, म्हणजे एल्डनवरचा दाब उतरेल. दोन्ही बाजूंनी सारखी कापायला हवीत. एकीकडून जास्त निघाला तर अख्खी कणगी कलंडते. पत्र्यातून गेलनचा आवाज येत होता, आणि मग आर्डिसनं दुसरा एक आवाज ऐकला.

"आत कोण आहे?"

"आर्डिस," गेलन म्हणाला.

मग मिलोनं विचारलं, "आणि तो? जिवंत आहे का?"

एल्डननंही ऐकलं होतं. तो पत्र्याकडे बघत राहिला.

"त्याला म्हणावं," तो हळू म्हणाला, "आहे अजून. वाईट वाटून घेऊ नकोस म्हणावं."

"गप्प बस आणि श्वास घे."

बाहेर मिलोची करवत चालू झाली. तिला ती ओळखू आली. घरचीच होती ती, सुरू होताना दोनदा खोकायची. पत्रा थरथरला. आर्डिस चौथ्या फळीशी वाकली होती. तिच्या कानाला आधी कळलं, एक बारीक सळसळ, कोणी रेशमी कापड ओढल्यासारखी. तिनं वर बघितलं. मक्याची ती उभी भिंत वरून सुटत होती.

तिला ओरडायला वेळ मिळाला नाही. तिनं डोक्यावरचं शिरस्त्राण ओरबाडून काढलं आणि एल्डनच्या तोंडापुढे दोन्ही हातांनी दाबून धरलं, आणि मका आला. तिच्या पाठीवर, मानेवर, कानांत. कमरेची दोरी ताणली गेली. वर कर्कनं सगळा भार टाकून ती धरली होती. धुळीनं उजेड गेला. मग सळसळ थांबली.

"करवत बंद करा," कर्क वरून बेंबीच्या देठापासून ओरडत होता. "बंद करा, आत ढासळलंय."

करवत थांबली. ती मांड्यांपर्यंत पुरली गेली होती. एल्डनचा चेहरा दिसत नव्हता. तिनं हातांनी उपसायला सुरुवात केली, ओंजळ, ओंजळ, ओंजळ. शिरस्त्राणाची कड लागली. ते तिनं सरकवलं. खाली त्याचं नाक, तोंड. तोंडात दाणे. तिनं बोट घालून ते काढले. त्यानं खोकून श्वास घेतला, बारीक शिट्टीसारखा.

"आर्डिस," बाहेरून मिलो ओरडला. त्याचा आवाज तिनं असा कधी ऐकला नव्हता. "आर्डिस, बोल."

"आहे," ती म्हणाली. "दोघंही आहोत. दुसऱ्या बाजूनं कापा. हळू."

गेलननं दारातून वाकून तिला वर यायला सांगितलं. तिनं न ऐकल्यासारखं केलं. हनुवटीपर्यंत भरलेला मका आता पुन्हा काढायचा होता, आणि पहिल्या तीन फळ्या मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनीच मधला भार अडवला होता. ती उपसत राहिली.

"चिमणी," एल्डन म्हणाला. "मला एक सांगायचंय."

"नंतर सांग."

"नंतर नसेल." त्यानं दोन आखूड श्वास घेतले. "आईला मी माझ्या मनानं नेलं नाही. तिनं मला न्यायला सांगितलं."

आर्डिसचे हात थांबले.

"तू न्हाणीत रडायचीस. नळ सोडून. तिला ऐकू यायचं. ती म्हणाली, ही पोरगी मोडतेय, आणि मिलोला दिसत नाही. मला घेऊन जा. आणि त्याला सांगू नकोस, नाहीतर तो हिला बोलेल." त्यानं शिट्टीसारखा श्वास ओढला. "म्हणून नाही सांगितलं."

नऊ वर्षं. चर्चच्या तळघरात ताट ठेवून निघून गेलेला माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. त्या दिवशी आपणही नवऱ्याच्या मागे उभं राहून मान खाली घातली होती, हे तिला आठवलं. आणि त्याहून खोल एक गोष्ट, जी तिनं कधी कुणाला सांगितली नव्हती: रिकामा पलंग पहिल्यांदा बघितला तेव्हा तिला सुटल्यासारखं वाटलं होतं.

"दाब," ती म्हणाली. "ही फळी राहिलीय. हात निघतायत ना? मग दाब."

शेजारचं दल आलं तेव्हा साडेबारा होत होते. त्यांच्यातला एक सडपातळ माणूस आत उतरला, आणि दोघांच्या वजनानं उरलेल्या फळ्या भराभर बसल्या. मग आतला मका मळसूत्रानं उपसायचा. छाती मोकळी झाली, कंबर, मांड्या. बाहेर दोन्ही भोकांतून मका अंगणात पडत होता. दोन वाजून गेल्यावर एल्डननं स्वतःचा उजवा गुडघा वर उचलला. डावा पाय हलत नव्हता. त्याला पट्ट्यात बांधून दारातून वर घेतला, आणि मग आर्डिसला.

खाली अंगणात मिलो उभा होता, करवत अजून हातात. झोळीतून एल्डनला त्याच्या समोरून नेलं. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अँब्युलन्सचं दार लागलं आणि ती लिंकनच्या मोठ्या दवाखान्याच्या रस्त्याला लागली.

दोघं घरी परतले. स्वयंपाकघरात स्ट्यूचा वास भरून राहिला होता. आर्डिस कोटासकट खुर्चीवर बसली. मिलोनं झाकण काढलं, दोन वाडगे भरले, तिच्यापुढे एक ठेवला आणि पाव कापला. लग्नाला अडतीस वर्षं झाली होती. त्यानं तिला वाढलेलं हे पहिलंच. तिच्या बधिर बोटांत चमचा राहीना, तेव्हा त्यानं तो तिच्या हातातून घेतला आणि वाडगाच तिच्या दोन्ही तळव्यांत धरवला. ती कडेनं रस प्यायली. मांस जिभेनं मोडत होतं. कढत रस घशाखाली उतरल्यावर मगच तिला कळलं की सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही.

"इतका वेळ काय बोलत होता तो?" मिलोनं विचारलं.

"स्ट्यूबद्दल."

"चार तास?"

"शहाजिरे कमी पडलं म्हणत होता."

मिलोनं तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि तिचा वाडगा पुन्हा भरला.

तीन दिवस तिनं ते पोटात ठेवलं. दवाखान्यातून फोन यायचे: मूत्रपिंडांवर ताण आहे, अजून सांगता येत नाही. तिला वाटे, तो गेला तर सांगायलाच नको. आणि तसं वाटल्याची तिला लाज वाटे. मिलो रोज सकाळी भावाच्या शेतावर जायचा, अंगणात सांडलेला मका फावड्यानं भरायचा आणि दुपारी परत यायचा. कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

रविवारी कळलं, एल्डन वाचणार. डावं पाऊल मात्र अधू राहील. जेवणं झाल्यावर दोघं लिंकनला निघाले. अर्ध्या वाटेवर, सरळ रस्ता आणि दोन्हीकडे बर्फानं झाकलेली धाटं, तेव्हा आर्डिसनं सगळं सांगितलं. न्हाणीतला नळही सांगितला.

मिलोनं गाडी बाजूला घेतली. दोन्ही हात चाकावर ठेवून तो समोर बघत बसला.

"किती दिवस रडायचीस?"

"शेवटचं वर्षभर."

"मी कुठे होतो?"

"शेतात. गोठ्यात. तुला काम होतं."

तो खाली उतरला, रस्त्याच्या कडेनं दूरवर चालत गेला आणि परत आला. त्याचे कान थंडीनं लाल झाले होते. गाडी सुरू करून तो एवढंच म्हणाला, "आईनं मला विचारायला हवं होतं."

"विचारलं असतं तर तू हो म्हणाला असतास?"

मिलोनं काचेवरचं धुकं हातानं पुसलं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली.

दवाखान्यात एल्डन उशांना टेकून बसला होता. मिलो पलंगाच्या पायथ्याशी टोपी हातात घेऊन उभा राहिला. आर्डिस दारातच थांबली.

"दोरी न बांधता एकटा उतरलास," मिलो म्हणाला. "अक्कल कुठे ठेवली होतीस?"

"बरोबर कुणाला घेणार होतो?"

"मला फोन करायचा."

"आला असतास?"

मिलोनं विचार केला. "नसतो आलो," तो म्हणाला. मग खुर्ची ओढून बसला. तासभर दोघं मक्याबद्दल बोलले; किती ओला होता, किती खराब झाला, भोकं पडलेली कणगी मोडायची की ठिगळ लावायचं. आईचं नाव कुणी काढलं नाही.

मार्चमध्ये गाई व्यायला लागल्या. एल्डन काठी घेऊन चालायला लागला होता आणि मिलो दिवसाआड त्याच्याकडे जात होता. आर्डिसला मात्र मिलोचं काही उमगत नव्हतं. तो रागावलेला नव्हता, पण मोकळाही नव्हता. जेवताना तिच्याकडे बघायचा आणि नजर भिडली की पाव कापायला घ्यायचा. मग एका दुपारी ती सिंकपाशी बटाटे सोलत असताना तो आत आला, बूट न काढता उभा राहिला आणि म्हणाला, "एक विचारायचंय. आई गेली तेव्हा नाही. तिला नेलं तेव्हा. पलंग रिकामा बघून तुला सुटल्यासारखं वाटलं का?"

तिनं चाकू खाली ठेवला. खोटं बोलायला सोपं होतं.

"हो," ती म्हणाली.

मिलो खुर्चीवर टेकला. मेजावरच्या ओरखड्यावर त्यानं नख फिरवलं.

"मलाही," तो म्हणाला. "बाजारातून आलो, पलंग बघितला आणि पहिल्यांदा तेच वाटलं. हुश्श. मग स्वतःचा इतका राग आला की काय करावं कळेना. तो सगळा एल्डनवर काढला. नऊ वर्षं."

आर्डिस हात पुसत त्याच्या समोर येऊन बसली. बाहेर गोठ्यातून एका गाईचं लांब हंबरणं आलं, मग पुन्हा एक, जास्त घाईचं.

"ती तांबडी," मिलो म्हणाला. "वासरू आडवं आहे बहुतेक."

"चल," ती म्हणाली आणि खुंटीवरचा कोट घेतला. "माझा हात बारीक आहे."